चालता खांब

पहिला फोन वैजयंती चालवायची त्या कॅन्टीनमधून आला. "मास्तर, वहिनी अजून पोचल्या नाहीत. पोहे भिजवू का थांबू?"

मुरलीधर निकुंभ तेव्हा दुकानाचं शटर वर करत होता. "निघालीय कधीची," तो म्हणाला. "वाटेत कुणीतरी भेटलं असेल. तिला गप्पांना कुणीही चालतं." फोन ठेवताना तो हसलासुद्धा. ते हसणं पुढं त्याला फार दिवस छळणार होतं.

दुसरा फोन पोलिसांचा होता.

मुसळगाव फाट्याजवळ थंडीचं धुकं अजून उठलं नव्हतं. त्याच्या बायकोची, वैजयंतीची, स्कूटर रस्त्याच्या कडेला आडवी पडली होती, आणि मागे एक मोठा ट्रक दिवे चालू ठेवून उभा होता. मुरलीधर ट्रकच्या बाजूनं चालत आला. दिव्यांच्या झोतात त्याला तिचा चेहरा दिसायच्या आधी जाकिटावरची चमकती पट्टी दिसली. ती लखलखत होती. पट्टी त्यानंच शिवली होती, स्वतःच्या हातानं, दुहेरी टाका घालून.

जमलेल्या लोकांपैकी कुणीतरी म्हणालं, "एवढी चमकतेय बाई. आंधळ्यालाही दिसली असती."

ट्रकचा माणूस चाकाशी उकिडवा बसला होता. महामार्गावरचे हे ट्रक आता आपापले चालत. आतल्या माणसानं फक्त पडद्यावर नजर ठेवायची, म्हणून लोक त्याला ड्रायव्हर न म्हणता 'बसणारा' म्हणत. याचं नाव हनुमंत केकान, बीडकडचा, पंचविशीतला. मुरलीधर समोर येताच तो उठून उभा राहिला.

"काका, गाडीनं ब्रेकच मारला नाही हो. पडद्यावर खांब दाखवत होता. मला वाटलं, खांबच आहे. त्या खड्डा चुकवायला उजवीकडं आल्या अन्..."

मुरलीधरनं त्याच्या कानफटात मारली. "माझी बायको खांब होती का रे? डोळे फुटले होते तुझे?" त्यानं पुन्हा मारलं. कुणीही आडवं आलं नाही. हवालदारानंही दुसरीकडं बघितलं. केकाननं हात वर केला नाही, गालही चोळला नाही.

सिन्नरमध्ये मुरलीधरला सगळे मास्तर म्हणत. बापजाद्यांचा धंदा शिवणकामाचा. पँट-शर्ट शिवायला माणसं येईनाशी झाली तसा तो गाड्यांच्या सीटकव्हरकडं वळला, आणि मग मोटरसायकलवाल्यांच्या जाकिटांकडं. गेली काही वर्षं त्याचं निम्मं काम चमकत्या पट्ट्यांचं होतं.

चमकती पट्टी तशी जुनीच गोष्ट. आरशावर उजेड पडला की तो दुसरीकडं फेकला जातो. पट्टीत बारीक काचमणी किंवा प्रिझम असतात, ते उजेडाला आल्या वाटेनं परत पाठवतात. म्हणून दिव्यामागं बसलेल्याला ती झगझगीत दिसते आणि बाजूला उभ्या असलेल्याला नुसती राखाडी चिंधी. माणूस गाडी चालवत होता तोवर एवढं पुरत होतं. चमक दिसली की माणूस स्वतःच ठरवायचा, तो मैलाचा दगड आहे की सायकलवाला.

आपोआप चालणाऱ्या ट्रकला ते ठरवता येईना. तो आपल्या डोळ्यांना न दिसणारा अवरक्त उजेड टाकतो आणि परत आलेल्या उजेडावरून रस्ता वाचतो. सुरुवातीला तो प्रत्येक चमकत्या खांबाला बिचकून ब्रेक मारायचा आणि मागची गाडी येऊन आदळायची. मग नवी पट्टी निघाली. तिच्यातले प्रिझम ठरावीक ओळींनी मांडलेले असतात. माणसाच्या डोळ्याला सगळ्या पट्ट्या सारख्याच रुपेरी, पण ट्रकला त्या ओळी अक्षरांसारख्या वाचता येतात. एका पट्टीवर लिहिलेलं असतं 'स्वार': जिवंत आहे, कधीही वळेल, हळू हो, अंतर ठेव. दुसरीवर असतं 'खांब': हा जागचा हलणार नाही, खुशाल जवळून जा. या पट्ट्या आल्यापासून महामार्गावर माणसं कमी मरू लागली, यात खोटं काही नव्हतं.

मुरलीधरकडं दोन्ही कामं होती. जाकिटांवर स्वाराची पट्टी शिवायची, आणि वळणरस्त्याच्या प्लास्टिकच्या खांबांसाठी खांबाच्या पट्टीचे गिलाफ शिवून द्यायचे. दोन्ही रोल एकाच फळीवर असत.

वैजयंतीच्या मृत्यूनं गाव पेटलं. दुचाकीवाल्यांच्या मंडळानं तिच्या नावानं मोहीम काढली. चौकात तिचा फोटो लागला, खाली लिहिलं होतं, 'प्रत्येक पाठीवर पट्टी'. दुकानात रीघ लागली. मुरलीधर मान खाली घालून शिवत राहिला. कामात असला की घरी जावं लागत नसे. पुण्याहून केतकी, त्याची मुलगी, रोज फोन करायची.

"बाबा, त्या माणसाला जामीन मिळता कामा नये. वकिलांशी बोललेय मी."

"नाही मिळणार," तो म्हणायचा.

"आई एवढी पट्टी लावून गेली आणि तो म्हणतो खांब वाटला! लाज नाही वाटत?"

"त्याला कसली लाज," मुरलीधर म्हणायचा.

मोहिमेमुळं पट्टीच्या कारखान्यानं प्रत्येक दुकानाला एक तपासणीचा टॉर्च दिला. शिवून झालेल्या जाकिटावर धरायचा, तो ट्रकसारखं वाचतो आणि बाईच्या आवाजात सांगतो. शोभाताईंना त्याची भारी गंमत वाटली. त्या वीसेक वर्षं मुरलीधरच्या दुकानात शिलाई मशीनवर होत्या आणि मास्तरला बोलायचा त्यांना घरच्यासारखा हक्क होता.

"धरा धरा, माझ्यावर धरा. बघू काय म्हणतेय भवानी." त्यांच्या साडीवर टॉर्च गप्प राहिला. "बघा! आम्हाला ओळखसुद्धा देत नाही."

मुरलीधर त्या दिवशी बऱ्याच दिवसांनी थोडा हसला. तो एकेका जाकिटावर टॉर्च फिरवू लागला.

"स्वार," टॉर्च म्हणाला. "स्वार. स्वार."

कोपऱ्यातल्या खुंटीवर वैजयंतीचं जाकीट होतं. पोलिसांनी परत दिल्यावर ते घरी न्यायचं त्याला धाडस झालं नव्हतं. पुढच्या जाकिटाकडं वळताना टॉर्चचा झोत त्यावरून गेला.

"खांब."

मुरलीधर थांबला. त्याला वाटलं, मागच्या फळीवरचा रोल वाचला असेल. त्यानं पुढं होऊन टॉर्च जाकिटाच्या पाठीला टेकवला.

"खांब," ती बाई शांतपणे म्हणाली. त्यानं बाहीवर धरला. "खांब."

मशीनचा आवाज बंद झाला. शोभाताई त्याच्याकडं बघत नव्हत्या, जाकिटाकडं बघत होत्या. "मास्तर," त्या हळूच म्हणाल्या, "ती कतरण..."

शिंप्याच्या घरी कतरण वाया जात नाही. गिऱ्हाईकाचं कापड बेतून उरलेले तुकडे घरी येतात, त्यातून उशांचे अभ्रे होतात, पोरांच्या चड्ड्या होतात, बायकोच्या पिशव्या होतात. मुरलीधरच्या आजोबांपासूनची ही रीत. नव्या ताग्यातलं कापड घरच्यांसाठी फाडायचं नाही. ते गिऱ्हाईकाचं. स्वाराच्या पट्टीचा रोल तर कारखाना मोजूनमापून द्यायचा, तो मुरलीधर जपून वापरायचा. खांबांचे गिलाफ शिवताना मात्र रुंद रुंद तुकडे उरायचे. ते जास्तच झगझगायचे. हिवाळा लागला तेव्हा त्यानं त्या तुकड्यांतून वैजयंतीचं जाकीट केलं.

"आम्हाला आपली कतरणच," ती जाकीट घालून आरशासमोर वळत म्हणाली होती.

"अगं, गिऱ्हाइकापेक्षा जास्त चमकतेस. चमक ती चमक."

"बँडवाल्यासारखी दिसतेय."

"मग वाजव की," तो म्हणाला होता, आणि दोघं हसले होते.

त्याला सांगितलं नव्हतं असं नाही. कारखान्याच्या साबळे मॅडमनी सगळ्या दुकानदारांना हॉलमध्ये बसवून पडद्यावर दाखवलं होतं. दोन रोल मिसळू नका, कापलेला तुकडासुद्धा इकडचा तिकडं लावू नका. मुरलीधर मागच्या रांगेत बसला होता. शेजाऱ्याला तो म्हणाला होता, "शेंबडी पोर आपल्याला कापड शिकवतेय." शेजारी हसला होता. तेवढ्यात चहा आला होता.

शोभाताई अचानक उठल्या.  "मास्तर, आमच्या ह्यांच्या जाकिटावरपण तीच लावलीत ना तुम्ही?"

त्यानं होकारार्थी मान हलवली.

"ते वावीला गेलेत! रस्त्यावर असतील!"

नवऱ्याचा, एकनाथरावांचा, फोन वाजत राहिला. शोभाताई पुन्हा पुन्हा लावत होत्या आणि मुरलीधर शेजारी उभा होता. टॉर्च हातात तसाच होता. शेवटी पलीकडून कपबशीचा आवाज आला.

"काय गं? चहा पितोय."

"जाकीट काढा!"

"काय?"

"अंगातलं जाकीट काढा आणि डिकीत टाका!"

"थंडी वाजतेय, वेडी झालीस का?"

"वाजू द्या! मरत नाही तुम्ही थंडीनं! काढा म्हणते ना!" आणि शोभाताई फोन हातात धरून रडायला लागल्या. पलीकडून एकनाथराव "काढलं, काढलं गं बाई, हे बघ काढलं" असं म्हणत राहिले.

मुरलीधर दुकानाच्या पायरीवर जाऊन बसला. तिच्या मृत्यूनंतर त्याला रडू आलं होतं, राग आला होता, भूक गेली होती. आता जे आलं होतं ते वेगळं होतं. समोरून जाणाऱ्या माणसानं नमस्कार केला तेव्हा त्याला पायरीखाली शिरावंसं वाटलं.

पुढच्या काही दिवसांत त्यानं कतरण परत गोळा केली. ती फक्त घरच्यांना आणि प्रेमाच्या माणसांना दिलेली होती. दूधवाला, मेव्हणी, शाळेतला जुना दोस्त. त्यानं सगळ्यांना एकच खोटं सांगितलं: "माल खराब निघाला. नवी पट्टी लावून देतो, पैसे नकोत." साधी पट्टीविरहित जाकिटं तो त्यांना तात्पुरती घालायला द्यायचा.

दूधवाल्यानं जाकीट देताना त्याचा हात धरला. "वहिनी गेल्या तरी तुम्ही गावाची काळजी करता, मास्तर. देवमाणूस."

मुरलीधरनं हात सोडवून घेतला. जाकीट पिशवीत कोंबून तो निघाला.

एक तुकडा राहिला होता. दिवाळीनंतर एका संध्याकाळी दुकानासमोर एका माणसाची मोटरसायकल बंद पडली होती. कुठल्याशा कारखान्यातून सुटून संगमनेरच्या बाजूला घरी निघालेला, अंगात निळा शर्ट. मुरलीधरनं त्याला पाना दिला, पाणी दिलं. "मागून दिसणार नाहीस रे अंधारात," म्हणत हेल्मेटच्या मागं रुंद तुकडा चिकटवून दिला. त्याला शिंप्याच्या रीतीनं गिऱ्हाईक धरलं नव्हतं, पाहुणा धरला होता. म्हणून कतरण. नाव विचारलं नव्हतं.

"त्या हेल्मेटवाल्याचं काय?" शोभाताईंनी विचारलं.

"कुठं शोधू त्याला?"

"मोठ्यानं विचारा. चौकात, फोनवर, सगळीकडं."

"काय सांगून विचारू?"

शोभाताईंनी मशीन सुरू केलं.

माल खराब निघाला, असं सगळ्या तालुक्याला सांगितलं असतं तर कारखाना विचारायला आला असता, कुठला माल. खरं सांगितलं असतं तर चौकातला फोटो, केतकीचा वकील, त्याच्या हातानं मारलेल्या थपडा, सगळंच उघडं पडलं असतं. मुरलीधरनं दोन दिवस काही केलं नाही. त्या दोन दिवसांत तो माणूस हेल्मेट घालून गेला आणि आला असणार.

तिसऱ्या दिवशी दुपारी एक म्हातारा दुकानात आला. डोक्याला फेटा, पायात टायरची चप्पल, खांद्यावर पोतं. पोतं त्यानं उंबऱ्याच्या आत ठेवलं आणि स्वतः बाहेर उभा राहिला.

"म्या केकानचा बाप," तो म्हणाला.

मुरलीधर उठला. त्याच्या मांडीवरची कात्री खाली पडली.

"सीताफळं हायती. आमच्या डोंगरातली, शेवटची. रागानं फेकून द्या, चालंल. पर एकदा बोलू द्या." म्हातारा वाकला आणि मुरलीधरचे पाय धरू लागला. मुरलीधर मागं सरला, मशीनला धडकला. "लेकराची चूक झाली, मालक. त्येला वाटलं खांबच हाय. मशिनीवर इश्वास ठिवला त्यानं. तुमची लक्ष्मी गेली, त्येची भरपाई न्हाई. आत ते जेवत न्हाई. म्हनतं, त्या काकांनी मारलं ते कमीच मारलं."

"तसं म्हणू नका," मुरलीधर म्हणाला. 

"तुमी माफ केलं असं एकदा कळलं तर घास उतरंल त्येच्या."

शोभाताईंनी पाण्याचा तांब्या आणला. म्हातारा पायरीवर बसून पाणी प्यायला, तोंड पुसलं. आणि खुंटीवरच्या जाकिटाकडं बघून हात जोडले. ते जाकीट कुणाचं हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मुरलीधरला तो नमस्कार बघवेना. बोलावं म्हणून त्यानं तोंड उघडलं. म्हातारा वाट बघत थांबला. मुरलीधर म्हणाला, "एसटीला वेळ आहे का अजून?"

म्हातारा गेला. पोतं राहिलं.

"आता सीताफळं खाणार का?" शोभाताई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात इतक्या वर्षांत कधी नव्हतं ते काहीतरी होतं.

त्यानं तिथूनच केतकीला फोन लावला. शोभाताईंसमोर सगळं सांगितलं. कतरण, टॉर्च, दूधवाला, हेल्मेटवाला. 

"तुम्हाला माहीत होतं का तेव्हा?" तिनं विचारलं.

"सांगितलं होतं मला. मी ऐकलं नाही."

"बाबा, आई परत येणार नाही. तो माणूस सुटेल आणि तुम्ही अडकाल. लोक फोटोवर थुंकतील आईच्या."

"तुझ्या आईच्या नाही थुंकणार."

"मी काय सांगू मग लोकांना? माझ्या बापानं..." तिचं वाक्य तुटलं. मग ती म्हणाली, "मला आत्ता तुमच्याशी बोलता येत नाहीये," आणि फोन बंद झाला.

त्या संध्याकाळी मुरलीधर वैजयंतीचं जाकीट पिशवीत घालून साबळे मॅडमकडं गेला. तिथून पोलिस ठाण्यात. हवालदारानं जबाब लिहून घेताना एकदाच वर बघितलं. त्याच रात्री सगळ्या गावाच्या मोबाइलवर मुरलीधरचा आवाज गेला. पट्टी कुणी लावली, कुठली लावली, आणि निळ्या शर्टाच्या माणसानं हेल्मेट घालू नये, असं त्यानं साध्या शब्दांत सांगितलं होतं. सकाळी चौकातला फोटो कुणीतरी उतरवून त्याच्या पायरीवर आणून ठेवला होता. नीट, उलटा न करता. दुकानात कुणी आलं नाही. शोभाताई आल्या.

हनुमंत केकान आठवडाभरात सुटला.

साबळे मॅडमनी नंतर मुरलीधरला पुन्हा बोलावलं, तेव्हाही त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, "मास्तर, जाकिटावर काहीच लावलं नसतं तर काय झालं असतं, माहीत आहे?"

"काय?"

"ट्रकला कळलं नसतं समोर काय आहे. कळलं नाही की तो हळू होतो."



मग त्यांनी संगणकावर काहीतरी काढलं. ट्रक वाटेत दिसलेल्या गोष्टींचं चित्र ठेवत नाहीत, त्यांनी सांगितलं. फक्त नाव ठेवतात आणि जागा. खांब एकदा इथं दिसला आणि मग तिथं दिसला, तर यंत्र ती नोंद चूक म्हणून टाकून देतं. यंत्रात तशी दुरुस्ती करायला सांगितलंय, पण सगळ्या ट्रकांपर्यंत पोचायला महिने लागतील. तोवर म्हणून यंत्रानं टाकून दिलेल्या चुका त्यांनी स्वतः चाळल्या होत्या.

"संगमनेर रस्त्यावर रोज संध्याकाळी एक खांब चालतो," त्या म्हणाल्या. "नांदूर फाट्यापर्यंत दिसतो. तिथं तो आतल्या रस्त्याला वळत असणार, त्या रस्त्यावर आमचे ट्रक नाहीत."

"काल दिसला?"

"काल दिसला. ट्रक आगारात पोचल्यावरच नोंद येते, त्यामुळे मला दुसऱ्या दिवशी कळतं."

तेव्हापासून रोज सकाळी साबळे मॅडमचा निरोप येतो. 'काल खांब दिसला.' निरोप वाचल्यावरच मुरलीधर चहा पितो. दुपारनंतर दुकान शोभाताईंवर सोपवून तो एसटीनं नांदूर फाट्यावर जातो. पिशवीत स्वाराच्या ताज्या रोलमधली पट्टी असते, कतरण नाही, आणि कात्री. कारखाने सुटले की गाड्यांचे लोंढे येतात. एकेका हेल्मेटवर तो लांबून टॉर्च धरतो. गर्दीत दोन गाड्या एकाआड एक जातात, टॉर्च एकीचं वाचतो, दुसरी निघून जाते. काही जण शिव्या देतात. चहावाला आता त्याला ओळखतो आणि विचारत नाही.

"स्वार," टॉर्च म्हणतो. "स्वार. स्वार. स्वार."

केतकीचा फोन परवा आला होता. जेवलात का, एवढंच तिनं विचारलं. सीताफळं पिकून काळी पडली, ती त्यानं फेकली नाहीत, बिया वाळवून ठेवल्या आहेत. पोतं धुऊन घडी केलं आहे. ते घेऊन केकानच्या दारात जायचं आहे. ते झालेलं नाही.

हेल्मेटवाला अजून सापडलेला नाही.